बंद सभागृहातील ढोल-ताशा आणि आपले कान

आषाढ सरत आला आणि शेतातली आवणी उरकली की आमच्या चांदीप परिसरात संध्याकाळी ढोलाचे आवाज कानी पडू लागतात. गणेशोत्सवाला महिना-दीड महिना उरलेला असतो. पूर्वी गावात एखाद-दुसरा ढोल आणि सोबत झांजा एवढ्यावर भागत असे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांच्या पथकांनी शिस्तबद्ध वादनाचा जो पायंडा पाडला, तो आता राज्यभर पसरला आहे. आपल्या वसई-विरार पट्ट्यातही मुलामुलींची पथके उभी राहिली आहेत. नोकरी-कॉलेज सांभाळून ही मुले सरावाला येतात, वेळ पाळतात, एकमेकांना धरून राहतात. ही गोष्ट कौतुकाचीच आहे.

अडचण एकच आहे, ती पावसाची. पुण्याची पथके मुठेच्या काठी उघड्यावर सराव करतात. आपल्याकडे श्रावणात पाऊस तास-तास हटत नाही. ढोलाचे पान भिजले की आवाज बसतो. त्यामुळे सराव पत्र्याच्या शेडमध्ये, शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात होतो. हंगाम सुरू होण्याआधी पालकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना दाखवण्यासाठी वादनाचा कार्यक्रमही बंद सभागृहात ठेवला जातो. घरचा मुलगा किंवा मुलगी वाजवणार म्हटल्यावर आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे घर पुढच्या रांगेत जाऊन बसते.

वाचकहो, हा लेख ढोलाविरुद्ध नाही. ताशाची तर्री सुरू झाली की माझेही पाय ठेका धरतात. परंतु असा कार्यक्रम बंद जागेत ऐकताना कानांना काय होते आणि ते टाळण्यासाठी काय करावे, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे. कारण या कारणाने गेलेले ऐकू येणे परत आणण्याचे औषध आज कोणत्याही डॉक्टरकडे नाही.

उघड्यावरचे वाद्य छताखाली

ढोल, ताशा, नगारा, हलगी ही आपली वाद्ये उघड्या आभाळाखाली वाजण्यासाठीच घडली आहेत. देवळाचे पटांगण, जत्रा, पालखीची वाट अशा त्यांच्या जागा. आवाज लांबवर पोहोचावा हाच त्यांचा हेतू. उघड्या जागेत आवाज चहूकडे पसरतो आणि विरतो. एका वाद्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. म्हणजे एक मीटरवर ११० डेसिबल असेल तर दोन मीटरवर १०४, चार मीटरवर ९८ आणि आठ मीटरवर ९२. चार पावले मागे सरकले तरी कानाला उसंत मिळते.

बंद सभागृहात हा हिशेब बिघडतो. आवाज भिंतीवर, फरशीवर, पत्र्यावर आपटून परत येतो. पहिला ठोका विरण्याआधी दुसरा त्यात मिसळतो. त्यामुळे वादकांपासून काही मीटर दूर गेल्यानंतर आवाज फारसा कमी होतच नाही, मागच्या रांगेपर्यंत जवळजवळ तोच राहतो. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि पत्र्याचे छप्पर असेल तर त्रास अधिक. पडदे, गाद्यांच्या खुर्च्या आणि दाटीने बसलेले प्रेक्षक आवाज थोडा शोषतात. म्हणून चांगल्या नाट्यगृहापेक्षा रिकामी शेड कानाला जास्त वाईट.

अमेरिकेतही ड्रम कोअर नावाची पितळी वाद्ये आणि ढोलांची मोठी पथके असतात. त्यांच्या स्पर्धा भरवणारी ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था १९७२ साली सुरू झाली. त्यांचे वादनही मुळात मैदानावरचे. हिवाळ्यात थंडीमुळे तिकडे बंदिस्त क्रीडागृहांत तालवाद्यांच्या स्पर्धा होतात. त्यांना थंडी आत ढकलते, आपल्याला पाऊस. कान मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत.

कान ऐकतो कसा

बाहेरून दिसतो तो कान म्हणजे केवळ कर्णा. त्याच्या आत सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची नळी आणि तिच्या टोकाला कानाचा पडदा असतो. आवाजाच्या लहरींनी पडदा थरथरतो. त्याला लागून हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा आकारांची तीन चिमुकली हाडे आहेत. ती ही थरथर आतल्या कानाकडे पोहोचवतात. आतला कान गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा असून त्यात द्रव भरलेला असतो. या द्रवात सूक्ष्म केस असलेल्या पेशी ओळीने उभ्या असतात. त्यांना आपण केसपेशी म्हणू. प्रत्येक कानात त्या साधारण पंधरा-सोळा हजार असतात. द्रव हलला की केस वाकतात, त्यातून विजेसारखा संदेश निघतो आणि मज्जातंतूवाटे मेंदूला पोहोचतो.

पंधरा हजार हा आकडा मोठा वाटेल, पण जन्मभराची शिदोरी एवढीच. त्वचा भरून येते, मोडलेले हाड सांधते, पण माणसाची केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा तयार होतात, हे शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. माणसाला निसर्गाने ती सोय दिलेली नाही.

भाताच्या शेतातून वारा गेला तर रोपे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. वादळ आले तर काही आडवी होतात, चार-दोन दिवसांत त्यातली बरीचशी सावरतात, काही मात्र मुळासकट उखडतात. मोठ्या आवाजाने केसपेशींचे असेच होते.

कानठळ्या आणि दडे

आपल्या भाषेत ‘कानठळ्या बसणे’ आणि ‘कानाला दडे बसणे’ हे दोन जुने शब्दप्रयोग आहेत. मोठ्या आवाजानंतर कान भरल्यासारखे होतात, समोरचा लांबून बोलतोय असे वाटते, आत शिट्टी किंवा गुणगुण सुरू होते. बहुतेकांना हे काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत कमी होते. ‘झाले बरे’ असे म्हणून आपण विसरतो.

येथेच गफलत आहे. २००९ साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. माणसाच्या बाबतीत याचे प्रमाण नेमके किती, यावर अजून अभ्यास चालू आहे. तरीही दडे निघाले म्हणजे नुकसान झालेच नाही, असे आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. कानातली शिट्टी ही कार्यक्रम रंगल्याची पावती समजू नये, ती कानाची तक्रार आहे.

डेसिबलचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे ६० च्या आसपास, स्वयंपाकघरातला मिक्सर ८५ च्या आसपास. ही मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. एका ढोलाच्या जागी तितक्याच जोराचे दहा ढोल वाजले तर १० डेसिबल वाढतात, वीस वाजले तर १३.

कान किती वेळ काय सोसू शकतो, याचे एक कोष्टक अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी ठरवून दिले आहे. ते वहीत उतरवून ठेवण्यासारखे आहे :

८५ डेसिबल – दिवसाला ८ तास
८८ डेसिबल – ४ तास
९१ डेसिबल – २ तास
९४ डेसिबल – १ तास
९७ डेसिबल – अर्धा तास
१०० डेसिबल – १५ मिनिटे

दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ढोल-ताशा पथकाजवळ आवाज १०० च्या पुढे सहज जातो. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर वर्षानुवर्षे आवाज मोजत आले आहेत. त्यात ध्वनिवर्धकांचा वाटा असतोच, पण काही वर्षी तेथील सरासरीसुद्धा १०० च्या वर गेली आहे. हे उघड्या रस्त्यावरचे आकडे आहेत.

आता आपल्या कार्यक्रमाचे गणित मांडू. सभागृहात आवाज १०० डेसिबल आणि कार्यक्रम दोन तासांचा. एका दिवसाचा वाटा १५ मिनिटांचा. म्हणजे दोन तासांत आपण आठ दिवसांचा वाटा एकदम संपवतो. वादक मुले तर महिनाभर, आठवड्यातून अनेकदा असा वाटा संपवत असतात.

आवाज मोजायचे यंत्र जवळ नसले तर एक सोपी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तेथील आवाज साधारण ८५-९० च्या वर आहे असे समजावे. मोबाइलवरची ध्वनी मोजणारी ॲप अंदाजापुरती ठीक, पण तो आकडा पक्का धरू नये.

ताशापासून अधिक जपायला हवे

ढोलाचा घुमारा छातीत जाणवतो, म्हणून ढोलच कानाला वाईट असा समज आहे. कानाच्या दृष्टीने ताशा आणि टोल यांचा तीक्ष्ण, कडक आवाज अधिक घातक. कानाच्या नळीची लांबी अशी आहे की तीन हजार कंपनांच्या आसपासचा आवाज तिच्यात आपोआप वाढतो. ताशाच्या काड्यांच्या कडकडाटात या पट्टीतला आवाज भरपूर असतो.

दुसरे कारण असे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा अडवतो. पण त्याला आखडायला काही क्षण लागतात. ठोका त्याआधीच आत पोहोचलेला असतो. चोर घरात शिरल्यावर दार लावावे तसा हा प्रकार.

मोठ्या आवाजाचे कायमचे नुकसान बहुधा चार हजार कंपनांच्या पट्टीपासून सुरू होते. रोजच्या बोलण्यातले स्वर त्याखालच्या पट्टीत असतात, म्हणून सुरुवातीला काहीच कळत नाही. पुढे स, श, फ, थ, ट यांसारखी व्यंजने निसटू लागतात. ‘ताप आहे’ म्हटले की ‘साप आहे?’ असे ऐकू येते. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही रुग्णाची तक्रार अगदी खरी असते. घरच्यांना मात्र वाटते की मुलाचे लक्ष नाही.

दवाखान्यातील एक उदाहरण

मागे विशीतला एक तरुण आईसोबत माझ्याकडे आला. पथकात तीन वर्षे ताशा वाजवणारा आणि रोज पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावणारा. म्हणाला, “डॉक्टर, रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात रातकिडा ओरडतो. पंधरा दिवस झाले, थांबतच नाही.” आई म्हणाली, “हाक मारली तर दोनदा ‘काय, काय’ करतो. आधी वाटलं, मोबाइलमुळे लक्ष नसतं.”

पडदा ठीक होता, मळ नव्हता. सराव पत्र्याच्या बंद शेडमध्ये होत असे. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून श्रवणचाचणी करून घेतली. आलेखात दोन्ही कानांत नेमका चार हजारांवर खड्डा होता. आवाजाने झालेल्या नुकसानीची ही नेहमीची खूण. पुढे कानातला आवाज कमी झाला, पण सहा महिन्यांनी केलेल्या चाचणीत खड्डा होता तिथेच होता.

त्याने मला विचारले, “डॉक्टर, भरतीत अडेल का हो?” पोलीस, सैन्य, रेल्वे अशा नोकऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत ऐकण्याची क्षमता पाहिली जाते. मी त्याला सांगितले, “आज अडेल असे नाही. पण आहे ते जपले नाहीस तर पुढे अडेल.” तो अजूनही पथकात वाजवतो, पण कानात बोळे घातल्याशिवाय काड्या हातात घेत नाही.

विशीतला मुलगा आपल्या हौसेपायी स्वतःची भाकरी पणाला लावतो आणि त्याला किंवा आई-वडिलांना त्याची कल्पनाही नसते, हे मला महत्त्वाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांच्या ऐकण्याला मोठ्या आवाजाच्या सवयींमुळे धोका आहे. आणि हे बहिरेपण टाळता येण्यासारखे आहे.

कोणी विशेष जपावे

तान्ही बाळे व लहान मुले : बाळाला त्रास सांगता येत नाही, ते रडते किंवा दमून झोपी जाते. ‘बाळ तर मजेत झोपले होते’ म्हणजे कान सुरक्षित होते असे नाही. मुलांसाठी सुरक्षित मर्यादा मोठ्यांपेक्षा कमीच धरतात. वर्षाच्या आतील बाळाला अशा बंद कार्यक्रमाला नेऊच नये.

गरोदर स्त्रिया : पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोटातले बाळ ऐकू लागते. ढोलाचा खर्जातला आवाज पोटातून आत पोहोचतो आणि आईने कानात बोळे घातल्याने बाळाचे रक्षण होत नाही. सूनबाईंनी कार्यक्रम सभागृहाबाहेरून, व्हरांड्यातून ऐकावा.

रक्तदाब व हृदयविकाराचे रुग्ण : मोठ्या आवाजाने नाडी व रक्तदाब वाढतो. गोळी चुकवू नये, दाराजवळ बसावे, छातीत धडधड वा घाबरे वाटल्यास लगेच बाहेर यावे.

श्रवणयंत्र वापरणारे : काही यंत्रे बाहेरचा आवाज आणखी वाढवून कानात सोडतात. आवाज कमी ठेवावा किंवा यंत्र काढून ठेवून संरक्षण वापरावे.

काही औषधे घेणारे : ॲमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन या इंजेक्शनांनी, तसेच क्विनीनने कानावर परिणाम होऊ शकतो. क्षयरोगासारख्या आजारात अशी औषधे चालू असतील, तर त्या काळात मोठ्या आवाजापासून दूरच राहावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

कार्यक्रमाला जाताना

१. पुढच्या रांगेचा मोह सोडावा. बंद सभागृहात मागे बसून आवाज फार कमी होत नाही हे खरे, पण वादकांच्या अगदी समोर, विशेषतः ताशांच्या रांगेसमोर आणि ध्वनिवर्धकाजवळ तो सर्वांत जास्त असतो. शक्यतो उघड्या दाराजवळ बसावे.

२. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाच-दहा मिनिटे बाहेर जावे. आपल्या मुलाचे वादन पाहायचे असेल तर तेवढा भाग आत, बाकीचा बाहेरून ऐकावा.

३. कानात फोमचे बोळे घालावेत. औषधाच्या दुकानात ते थोड्या पैशांत मिळतात. नीट बसवले तर प्रत्यक्षात १५-२० डेसिबल आवाज कमी होतो. १०० चा आवाज ८५ वर आला तरी पंधरा मिनिटांच्या जागी आठ तासांची मुभा मिळते. याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

४. लहान मुलांच्या कानात बोळे घालू नयेत, ते काढून तोंडात घालतात आणि घशात अडकण्याची भीती असते. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे कानझाकण मिळते, ते वापरावे.

५. त्याच दिवशी येता-जाता इअरफोन लावू नयेत. लोकलच्या गोंगाटात गाणी ऐकायची म्हणून आवाज आणखी वाढवला जातो आणि कानाला विश्रांतीच मिळत नाही.

बोळा बसवण्याची रीत

हात स्वच्छ धुवावेत. बोळा बोटांत वळून बारीक वातीसारखा करावा. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते. बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की तो नीट बसला. अर्धवट खोचलेला बोळा उपयोगाचा नाही. एकाचा बोळा दुसऱ्याने वापरू नये. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घालू नये.

कार्यक्रमानंतर

कानात शिट्टी येत असेल किंवा दडे बसले असतील तर पुढचे एक-दोन दिवस पूर्ण शांतता द्यावी. दुसऱ्या दिवशीचा सराव चुकवावा. चोवीस तासांनंतरही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

एका किंवा दोन्ही कानांनी एकाएकी ऐकू येईनासे झाले, चक्कर येऊ लागली किंवा कानातून रक्त आले, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. तीन दिवसांच्या आत, जमल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी स्टिरॉइडसारखी औषधे लवकर सुरू केली तर काही रुग्णांना फायदा होतो. आठवडे उलटल्यावर ती संधी राहत नाही. ‘सण आटोपला की बघू’ असे म्हणू नये.

पथकप्रमुखांना व आयोजकांना विनंती

सभागृहात वीस ढोलांऐवजी दहा घेतले तर ३ डेसिबल कमी होतात, म्हणजे कानावरचा मारा निम्मा होतो. आळीपाळीने गट वाजवावेत. बंद जागेत ध्वनिवर्धक लावण्याची गरजच नसते. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, त्याने आवाज बाहेर जातो आणि गर्दीत गुदमरण्याची भीतीही टळते. सरावाचे सुरुवातीचे पाठ टायरवर किंवा फळीवर काड्यांनी गिरवता येतात. प्रत्येक वादकाला बोळे सक्तीचे करावेत. टिपरू आणि काड्या जशा पथकाच्या साहित्यात मोडतात, तसे बोळेही मोडले पाहिजेत. हंगामाआधी आणि हंगामानंतर वादकांची श्रवणचाचणी करून घ्यावी.

कायद्याचा आधार येथे फारसा मिळणार नाही, हेही जाणून घ्यावे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्री १० ते सकाळी ६ वाद्ये आणि ध्वनिवर्धक यांना मनाई आहे, पण सभागृहासारख्या बंद जागेत आतल्या आत होणारा वापर त्या मनाईतून वगळला आहे. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही एवढे पाहावेच लागते. थोडक्यात, कायदा बाहेरच्यांचे कान पाहतो, आत बसलेल्यांनी आपले आपण पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक मानके दिली. त्यांत १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजावा, प्रेक्षकांना बोळे उपलब्ध करून द्यावेत आणि शांत जागा राखून ठेवावी, असे सांगितले आहे. यातले शेवटचे दोन तर आपले कोणतेही मंडळ उद्यापासून करू शकेल.

नेहमीच्या शंका

‘रोज वाजवून कानाला सवय होते ना?’ – सवय होत नाही, ऐकू येणे कमी होते. म्हणून तोच आवाज आधीइतका मोठा वाटत नाही.

‘कापूस घातला तर चालेल का?’ – साध्या कापसाने आवाज फारच थोडा अडतो आणि जपल्याचे खोटे समाधान मिळते.

‘दडे बसल्यावर कोमट तेल किंवा लसणाचे तेल घालावे का?’ – मुळीच नाही. बिघाड आतल्या कानात असतो, तेल तिथवर पोहोचत नाही. पडद्याला इजा असेल तर उलट पू होतो. काडी, पिन, चावी यांपैकी काहीही कानात घालू नये.

‘बोळे घातल्यावर ताल कळेल का?’ – कळतो. पहिले दोन-तीन दिवस वेगळे वाटते, मग सवय होते. ही सवय चांगली.

यंदाच्या पालकसभेत पथकप्रमुखांना एवढेच विचारा, “आमच्या मुलांच्या कानांसाठी काय व्यवस्था आहे?” उत्तर मिळाले नाही, तर आपल्या मुलापुरती बोळ्यांची डबी आपणच त्याच्या पिशवीत घाला.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यात कान ठणकणे व फुटणे)